भ्रंशरेषा आठ किलोमीटर दूर आहे, म्हणजे नेमके काय?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. कन्येची नोकरी देहरादूनला असल्यामुळे तिथे लहानसे घर बांधण्याचा आपला विचार आहे. जागा विकणाऱ्या गृहस्थांनी नकाशा दाखवून सांगितले की, मेन बाउंड्री थ्रस्ट नावाची भ्रंशरेषा जागेच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही; शिवाय या भागात बारीकसारीक धक्के बसतच असतात, त्यातून दाब मोकळा होत असतो. ही दोन्ही विधाने खरी आहेत का, आणि हिमालय ‘अजून वाढतो आहे’ असे म्हणतात त्याचा या भूकंपांशी संबंध काय, असे आपले प्रश्न आहेत.

दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि त्यांतले पहिले अधिक फसवे आहे, कारण ते नकाशावर बोट ठेवून केलेले आहे. गेली सव्वीस वर्षे माझे काम हिमालयाच्या पायथ्याशी सक्रिय भ्रंश शोधण्याचे आणि ते नकाशावर उतरवण्याचे आहे. त्यामुळे अशा रेघेचा किती अर्थ घ्यावा आणि किती घेऊ नये, हे सांगण्यापुरता अनुभव माझ्या गाठीशी आहे.

शाळेच्या भूगोलात ज्याला प्रस्तरभंग म्हणतात त्यालाच मी भ्रंश म्हणतो आहे. भ्रंश ही रेषा नसते, तो खडकांतून गेलेला एक पृष्ठभाग असतो. जमिनीत तिरका रोवलेला पत्रा वरून पाहिला तर त्याची फक्त कड दिसते, तशी भ्रंशाची कड तेवढी नकाशावर रेघ म्हणून उमटते. पत्रा कोणत्या बाजूला आणि किती उताराने खाली गेला आहे हे रेघेवरून कळत नाही, आणि घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते नेमके तेच. ज्या भ्रंशावरून एक बाजू दुसरीवर चढते त्याला थ्रस्ट म्हणतात. हिमालयात दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना अशा तीन मोठ्या कडा लागतात: शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी मेन फ्रंटल थ्रस्ट, मसुरीच्या डोंगरांच्या पायथ्याशी मेन बाउंड्री थ्रस्ट आणि आणखी उत्तरेला, उंच हिमालयाच्या पायथ्याशी, मेन सेंट्रल थ्रस्ट. आमच्या बोलण्यात त्या एमएफटी, एमबीटी आणि एमसीटी असतात. तिन्ही उत्तरेकडे उतरतात आणि खोलवर एकाच सौम्य उताराच्या पृष्ठभागाला जाऊन मिळतात, ज्याला मेन हिमालयन थ्रस्ट म्हणतात. भारतीय भूपट्ट हिमालयाखाली सरकतो तो याच पृष्ठभागावरून.

आता आपली जागा पाहा. ती एमबीटीच्या दक्षिणेला आहे आणि एमबीटी उत्तरेकडे उतरतो, म्हणजे तो आपल्यापासून दूर जात खोल होत जातो; विक्रेत्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे धरता येईल. परंतु देहरादून शहर एमबीटी आणि एमएफटी यांच्यामध्ये वसलेले आहे, आणि दक्षिणेला मोहंडजवळ जमिनीवर येणारा एमएफटी उत्तरेकडे उतरत नेमका शहराच्या खालून जातो. आपल्या जागेखाली पाच-सहा किलोमीटर खोलीवर तो पृष्ठभाग असणार. तेव्हा ज्या भ्रंशाची खरी काळजी करायची तो आपल्यापासून आठ किलोमीटर लांब नसून पायाखाली आहे, आणि ही गोष्ट संपूर्ण दून खोऱ्यालाच लागू आहे. एका जागेऐवजी दुसरी निवडून ती टळत नाही.

हे सगळे असे का घडले, ते पाहिल्याशिवाय आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लागत नाही. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत येऊन आशियाला भिडला. त्याआधी मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता आणि भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने उत्तरेकडे येत होता, जो भूपट्टांच्या हिशेबात फार मोठा वेग आहे. धडकेनंतर हा वेग घटला, पण थांबला नाही. या समुद्राचा पुरावा पाहायला हिमालयात जावे लागत नाही. अनेक मराठी घरांत तो देवघरातच असतो. आमच्याकडे आजीच्या वेळेपासून एक शाळिग्राम आहे, गुळगुळीत, काळा, मुठीत मावणारा. रोज ताम्हनात त्याला पाणी घालून, पुसून, तुळशीचे पान ठेवले जाई. नेपाळमधील काली गंडकी नदीत सापडणारे असे अनेक शाळिग्राम म्हणजे ॲमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म असतात. आत दिसणारे ‘चक्र’ हे त्या प्राण्याच्या वळ्यावळ्यांच्या कवचाचा ठसा असते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी चिखलात रुतलेले हे कवच आज मुस्तांगच्या उंच, कोरड्या मुलखातल्या खडकांतून झिजून नदीत उतरते. एव्हरेस्टचे शिखरसुद्धा समुद्रात तयार झालेल्या चुनखडकाचेच आहे, आणि तो तर शाळिग्रामाच्या खडकांपेक्षा कितीतरी जुना आहे.

समुद्राचा तळ इतका वर कसा गेला? बांधकामावर फावड्याने ओल्या वाळूचा पातळ थर पुढे लोटून पाहिला तर याची कल्पना येते. फावड्याजवळ वाळू जाड साठते, पुढे ती पातळ होत जाते, आणि ढीग फार जाड झाला की त्याच्या पुढच्या टोकाशी एक नवी तिरकी चीर पडून वरचा भाग पुढच्या वाळूवर चढतो. मग तो चढलेला भाग ढिगाचाच होतो आणि पुढची चीर आणखी पुढे पडते. हिमालयात हेच घडत आले आहे, फरक इतकाच की तिथे फावडे जागेवर आहे आणि वाळूचा थर, म्हणजे भारत, त्याच्याखाली सरकतो आहे. साधारण सव्वादोन कोटी वर्षांपूर्वी एमसीटीवर मोठी हालचाल होत होती; पुढे ती दक्षिणेला एमबीटीकडे आली; आणि अलीकडच्या काळात ती एमएफटीवर आहे. शिवालिक टेकड्या या साखळीतल्या सर्वांत तरुण. त्या ज्या वालुकाश्माच्या आणि गोट्यांच्या आहेत ते सारे हिमालयातूनच नद्यांनी वाहून आणलेले. म्हणजे डोंगराने टाकलेला गाळ पुढे डोंगराच्याच कवेत सापडला आणि स्वतः टेकडी झाला.

आज भारत आणि युरेशिया वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर वेगाने एकमेकांजवळ येत आहेत. त्यातला जवळजवळ अर्धा भाग, म्हणजे १४ ते २० मिलिमीटर, हिमालयाच्या पट्ट्यात सामावतो. उरलेला तिबेट, तिएनशान आणि त्यांच्या आसपासच्या प्रदेशात. तिबेटचे पठार दाबले जाऊन पूर्वेकडेही सरकते आहे, आणि ज्या भ्रंशांवरून ते सरकते त्यांचा स्वभाव हिमालयातल्या भ्रंशांहून वेगळा आहे. तिथे एक बाजू दुसरीवर चढत नाही, दोन्ही बाजू एकमेकींना घासत जातात. भारतीय भूपट्टाच्या दोन्ही कडांनाही तोच प्रकार आहे. पश्चिमेला चमन भ्रंश आणि त्याच्या शेजारचा १९३५ चा क्वेट्टा भूकंप, पूर्वेला म्यानमारमधील सागाईंग भ्रंश आणि त्यावरचा २८ मार्च २०२५ चा ७.७ क्षमतेचा भूकंप, ही त्याची उदाहरणे. त्यांत मी शिरत नाही, कारण आपला प्रश्न मधल्या कमानीचा आहे.

हे १४ ते २० मिलिमीटर दरवर्षी कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. जीपीएसची कायम ठेवलेली केंद्रे दाखवतात की, दिल्ली आणि पुणे यांमधले अंतर जवळजवळ बदलत नाही, पण दिल्ली आणि ल्हासा यांमधले अंतर दरवर्षी कमी होते. तरीही मोहंडजवळ जमिनीवर आलेल्या भ्रंशाच्या दोन्ही बाजू रोज सरकताना दिसत नाहीत. याचे कारण असे की, मेन हिमालयन थ्रस्टचा दक्षिणेकडचा सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा भाग घर्षणाने जखडलेला आहे. त्याच्याही उत्तरेला, साधारण पंधरा-वीस किलोमीटरपेक्षा खोल, खडक इतके तापलेले असतात की ते तुटत नाहीत, संथपणे वाहतात, आणि तिथे सरकणे अखंड चालू राहते. मागून ढकलणे चालू आणि पुढे दार बंद, अशी ही स्थिती आहे. मधला खडक स्प्रिंगसारखा दाबला जातो. दाब घर्षणाला भारी पडला की जखडलेला भाग सुटतो आणि शतकांचे सरकणे मिनिटा-दोन मिनिटांत होऊन जाते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी मांडलेली हीच कल्पना, आणि आजही आम्ही तिच्याच आधारे हिशेब करतो.

हिशेब सोपा आहे. वर्षाला १८ मिलिमीटर धरले तर ५०० वर्षांत ९ मीटर सरकणे बाकी राहते. हिमालयाच्या कमानीवर गेल्या सव्वाशे वर्षांत मोठे भूकंप झाले ते असे: १९०५ साली काँग्रा, सुमारे ७.८ क्षमतेचा, ज्यात सुमारे २० हजार माणसे गेली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळ, आठच्या वरचा. १५ ऑगस्ट १९५० रोजी आसाम-तिबेट, ८.६ क्षमतेचा, जो जमिनीवर यंत्रांनी नोंदलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी आहे. २००५ साली काश्मीर, ७.६, आणि २५ एप्रिल २०१५ रोजी गोरखा, ७.८. काँग्रा आणि पूर्व नेपाळ यांच्यामधल्या मोठ्या पट्ट्यात, ज्यात गढवाल आणि कुमाऊँ येतात, आठच्या पुढचा भूकंप यंत्रांच्या काळात झालेला नाही. १५०५ आणि १८०३ या वर्षी या भागात मोठे भूकंप झाल्याच्या लेखी नोंदी आहेत. १९९१ चा उत्तरकाशी आणि १९९९ चा चमोली हे भूकंप ज्यांना भोगावे लागले त्यांच्यासाठी भयंकरच होते, पण सातपेक्षा कमी क्षमतेचे असल्याने या थकबाकीत त्यांनी फारशी भर किंवा घट केली नाही.

इथेच विक्रेत्यांच्या दुसऱ्या विधानाचा समाचार घेतो. लहान धक्क्यांनी दाब मोकळा होतो हे ऐकायला पटते, पण अंकगणितात बसत नाही. भूकंपाची क्षमता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. आठ क्षमतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला सहाचे सुमारे हजार भूकंप लागतील, आणि पाचचे तीस हजारांहून अधिक. एवढे धक्के तिथे बसत नाहीत. जे बसतात त्यांतले बरेचसे जखडलेल्या भागाच्या उत्तरेकडच्या कडेला, जिथे सरकणारा आणि न सरकणारा खडक एकमेकांना ताण देतात, तिथे बसतात. म्हणजे ते कुलूप उघडत असल्याचे लक्षण नसून, ते घट्ट बसले असल्याचेच अधिक वाटते.

आता ‘हिमालय वाढतो’ म्हणजे काय ते पाहू. माझ्या मते सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत मनोरंजक आहे, कारण इथे साधा तर्क चकतो. मोठ्या भूकंपात डोंगर उंच होत असेल, असे कोणालाही वाटेल. २०१५ च्या गोरखा भूकंपात काय झाले? भूकंपाची सुरुवात काठमांडूच्या वायव्येला झाली आणि तुटणे पूर्वेकडे सुमारे १४०-१५० किलोमीटर धावत गेले, मिनिटभरात. उपग्रहांच्या रडार प्रतिमांत आणि जीपीएसवर दिसले की, काठमांडूचे खोरे दक्षिणेकडे सरकले आणि जवळजवळ एक मीटर उचलले गेले. पण त्याच्या उत्तरेची उंच शिखरे, लांगटांगच्या बाजूची, अर्ध्या मीटरहून अधिक खाली गेली. म्हणजे भूकंपाने उंच हिमालय खाली बसवला!

यात विसंगती नाही. दोन मोठ्या भूकंपांच्या मधल्या शांत काळात जखडलेल्या भागाच्या मागे खडक दाबला जाऊन फुगतो, आणि म्हणून उंच शिखरांचा पट्टा वर्षाला काही मिलिमीटर वर येत राहतो, तर पुढचा भाग जवळजवळ जागच्या जागी असतो. भूकंपात स्प्रिंग सुटते. मागचा फुगवटा ओसरतो आणि पुढचा भाग एका झटक्यात चढतो. पण सगळेच ओसरत नाही. खोलवर मेन हिमालयन थ्रस्टच्या उतारात एक पायरीसारखी तीव्र चढण आहे, तिच्यावरून वर ढकलला गेलेला खडक परत येत नाही. अनेक भूकंपांच्या चक्रांनंतर जो थोडासा शिल्लक उरतो, त्यातून पर्वत उभा राहतो. त्याच वेळी पाऊस, हिमनद्या आणि दरडी वरून ते ओरबाडून नेत असतात. २०१५ साली एकट्या भूकंपाने हजारो दरडी कोसळल्या आणि पुढची कित्येक वर्षे नद्या तो माल वाहत होत्या. तेव्हा ‘हिमालय वर्षाला अमुक मिलिमीटर वाढतो’ असे वाक्य वाचले की, कुठला भाग, भूकंपाच्या आधी की नंतर, आणि झीज वजा करून की न करता, हे तीन प्रश्न विचारावेत. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५० च्या दशकात ती ८,८४८ मीटर ठरवली होती. या फरकावरून पर्वत किती वाढला हे काढायला जाऊ नये, कारण मोजण्याची साधने, बर्फाची जाडी आणि समुद्रसपाटीचा संदर्भ, सगळेच मधल्या काळात बदलले आहे.

एवढा मोठा डोंगर स्वतःच्या वजनाने खचत का नाही, हे आपण विचारलेले नाही, पण त्याचे उत्तर आपल्याकडच्याच मोजणीतून निघाले म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षणात असे दिसले की, उत्तरेतील कलियाना आणि मध्य भारतातील कल्याणपूर यांमधले अंतर जमिनीवरून मोजून आणि ताऱ्यांवरून मोजून जुळत नाही, फरक ५.२३६ सेकंद कोनाचा. गवंड्याचा ओळंबा मोठ्या डोंगराजवळ किंचित डोंगराकडे ओढला जातो, हे माहीत होते. १८५५ साली कोलकात्यातील पाद्री आणि गणितज्ञ प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानावरून गणित केले तर ही ओढ जवळजवळ १६ सेकंदांची यायला हवी होती. ओळंबा अपेक्षेपेक्षा कमी झुकतो, याचा अर्थ डोंगराखाली कुठेतरी हलके द्रव्य आहे. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी लगेच सुचवले की, डोंगराला पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखे खोल मूळ असावे. आज भूकंपलहरींवरून दिसते की, तिबेटखाली भूकवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, भारतीय द्वीपकल्पाखालच्या जवळजवळ दुप्पट.

मूळ मुद्द्याकडे येतो: एखादा भ्रंश सक्रिय आहे हे ठरवतात कसे? भूशास्त्रीय नकाशावर भ्रंश शेकड्यांनी असतात. त्यांतले बहुतेक कोट्यवधी वर्षे निपचित आहेत. सक्रिय त्याला म्हणतात ज्याने अगदी अलीकडच्या काळातले, म्हणजे साधारणतः गेल्या दहा-बारा हजार वर्षांतले, थर कापले किंवा वाकवले आहेत. एमसीटीसारखा प्रचंड भ्रंश या कसोटीवर बऱ्याच ठिकाणी नापास होतो, आणि शिवालिकच्या पायथ्याशी शेताच्या बांधाएवढा दिसणारा उंचवटा पास होतो. म्हणून नकाशावरची रेघ जितकी ठळक तितका धोका मोठा, असे मानू नये.

सहारनपूरहून देहरादूनला जाताना मोहंडपाशी सपाट मैदान एकाएकी संपते आणि शिवालिक सुरू होतात. रस्ता ज्या कोरड्या, गोट्यांच्या ओढ्याच्या कडेने चढतो तशा ओढ्यांना तिथे ‘राव’ म्हणतात. थोडे थांबून काठाकडे पाहिले तर आजच्या पात्राच्या वीस-तीस मीटर वर, तिरक्या वालुकाश्मावर आडवा बसवलेला गोल गोट्यांचा थर दिसतो. गोल गोटे नदीनेच आणलेले असणार; म्हणजे नदी कधीकाळी त्या उंचीवर वाहत होती. नदी वर गेलेली नाही, जमीन वर आली आणि नदी कापत खाली राहिली. त्या थरातल्या कोळशाचे रेडिओकार्बन वय सुमारे ३,६०० वर्षे निघाले, आणि त्यावरून उचलण्याचा वेग वर्षाला सुमारे ७ मिलिमीटर येतो. भ्रंशाचा उतार ३० अंश धरला तर भ्रंशावरून सरकणे याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटर. गंमत अशी की, जीपीएसचा आकडाही याच्याच आसपास आहे. एक मोजणी हजारो वर्षांची आणि दुसरी काही वर्षांची. दोन्ही जुळतात याचा अर्थ आज साठणारे सरकणे अखेर पायथ्याच्या भ्रंशावरूनच बाहेर पडते.

पण किती वेळा आणि किती मोठ्या झटक्यांत, हे काठावरच्या पायऱ्यांवरून कळत नाही. त्यासाठी भ्रंशाच्या उंचवट्याला आडवा चर खणावा लागतो. जेसीबीने दोन-चार मीटर खोल चर काढायचा, भिंती खुरप्याने आणि ब्रशने स्वच्छ करायच्या, खिळे ठोकून एक-एक मीटरच्या चौकटी दोरीने आखायच्या आणि मग आठवडाभर भिंतीसमोर बसून एकेक थर कागदावर उतरवायचा. चांगल्या चरात जे दिसते ते विसरता येत नाही: तांबड्या गोट्यांचा थर उताराने वर येतो आणि कालपरवाच्या वाटाव्या अशा राखाडी, मुळ्या असलेल्या मातीवर चढून थांबतो. गोट्यांच्या खाली सापडलेली माती भूकंपाच्या वेळी जमिनीचा पृष्ठभाग होती. त्या मातीतल्या कोळशाचा कण भूकंपापूर्वीचा, आणि सगळ्यांवर पसरलेल्या न तुटलेल्या थरातला कण भूकंपानंतरचा. या दोहोंच्या मध्ये भूकंपाची तारीख. या कामात चुका होतात. एकदा आम्ही दोन दिवस ज्याला भ्रंश समजून रेखाटत होतो तो जुना पाटाचा चर निघाला. चहा घेऊन आलेल्या शेतमालकाने भिंतीकडे एक नजर टाकून तो आपल्या आजोबांनी बुजवला होता, असे सांगितले.

अशाच चरांतून वायव्य हिमालयाच्या पायथ्याशी अनेक ठिकाणी मध्ययुगात भ्रंश जमिनीपर्यंत फुटल्याचे पुरावे मिळाले आहेत. पूर्व नेपाळची कथा तर बोधक आहे: १९३४ चा भूकंप जमिनीवर न फुटता खोलवरच थांबला, असे जवळजवळ ऐंशी वर्षे मानले जात होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात पायथ्याच्या चरात तो फुटल्याचे दिसले, आणि त्याच ठिकाणी १२५५ सालचा भूकंपही दिसला, ज्यात काठमांडूचा राजा अभय मल्ल मरण पावला होता. उलट २०१५ चा गोरखा भूकंप खरोखरच जमिनीपर्यंत आला नाही. तुटणे काठमांडूखालीच थांबले, आणि तिथून पायथ्यापर्यंतचा भाग अजून जखडलेला आहे.

पुण्याचे वाचक इथे हमखास विचारतात, आणि आपणही कंसात विचारले आहे, की मग आपला सह्याद्री? सह्याद्री धडकेतून उभा राहिलेला नाही. त्याचे थर, घाटात कुठेही पाहा, जवळजवळ आडवे आहेत. लाव्हाचे ते थर झिजून कडा तयार झाला आहे. तरी हिमालयातल्या धडकेचा दाब सगळ्या द्वीपकल्पातून जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ क्षमतेचा भूकंप झाला तेव्हा खडक दाबाखाली एकमेकांवर चढले होते. हिमालयातल्यासारखीच चाल, पण अगदी लहान पृष्ठभागावर आणि इतक्या मंद गतीने साठलेली की, त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली ती बव्हंशी जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे कोसळून.

यावरून आपल्या घराकडे येतो. दून खोऱ्यात राहायचे तर भूकंप होणार हे गृहीत धरून बांधायचे, कारण तो कधी, हे कोणीही सांगू शकत नाही. जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. शिवालिकच्या दक्षिण पायथ्याशी एमएफटीच्या उंचवट्यावर किंवा त्याला लागून घर नको, कारण तिथे जमीनच फाटू शकते आणि त्याला बांधकामाचा कोणताही उपाय नाही. आपली जागा तिथे नाही, हे चांगले आहे. मसुरीच्या बाजूच्या उतारावर असाल तर जुन्या दरडीचा भराव पायाखाली नाही ना, हे स्थानिक भूवैज्ञानिकाकडून पाहून घ्या. वाकडी वाढलेली झाडे आणि उताराच्या मध्येच लागणारा ओलसर सपाट तुकडा ही त्याची चिन्हे असतात. आणि राव किंवा नदीच्या पात्रात भराव टाकून काढलेले प्लॉट, जे देहरादूनमध्ये स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. तिथे पूर दरवर्षीचा आणि सैल भरावात भूकंपाचे हादरे अधिक.

इमारतीचे म्हणाल तर आयएस १८९३ या भूकंपरोधक आराखड्याच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत देहरादून भूकंपधोक्याच्या चौथ्या विभागात आहे. अभियंत्याला या मानकाच्या सध्या लागू असलेल्या आवृत्तीप्रमाणे आराखडा करायला सांगा आणि लोखंडाची बांधणी आयएस १३९२० प्रमाणे असल्याचे लेखी घ्या. दोन मजल्यांचे, चौकोनी, सगळ्या बाजूंनी सारखे घर सर्वांत बरे. खाली खांबांवर मोकळे पार्किंग आणि वर भिंतींचे मजले, ही आजची सर्वांत आवडती रचना, नेमकी तीच टाळा, कारण हादऱ्यात सगळे वाकणे त्या एका मोकळ्या मजल्यात साठते. आणि खांबांत काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी साइटवर स्वतः जाऊन उभ्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगा पाहा. प्रत्येक रिंगेचे टोक ९० अंशात नुसते दुमडलेले नको, १३५ अंशात आत वळवलेले हवे, आणि बीमजवळ रिंगा दाट हव्यात. फिटर म्हणेल की, इतके वळवायला वेळ लागतो. तेव्हा थांबा आणि वळवून घ्या.